शिवेवरची खुर्ची

धारवाडीच्या भागुबाईला शीव दाखवायला न्यायचं असेल, तर आधी खुर्चीची सोय करावी लागते. बाई पंचाहत्तरीला टेकली म्हणून नव्हे. वीस वर्षांपूर्वीही ती खुर्ची मागायची, आणि तेव्हा तर करवंदांची पाटी डोक्यावर घेऊन ती लोणावळ्यापर्यंत चालत जायची, वाटेत कुठं टेकायची नाही. पण शीव सांगायची म्हटलं की खुर्ची हवी. शीव डोंगरात, खुर्ची ग्रामपंचायतीत. मग कुणीतरी गडी ती निळी प्लॅस्टिकची खुर्ची डोक्यावर पालथी घालतो आणि पुढं चालू लागतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, चार शिंगांचं जनावर धारेवरून निघालंय. मागून काठी टेकत भागुबाई. पायात काळे बूट, देहूरोडच्या डेपोत नोकरीला असलेल्या मुलानं, धम्मदीपनं, दिलेले. दोन नंबर मोठे, म्हणून पुढं चिंध्या कोंबलेल्या.

या खुर्चीची हकिगत तिच्या सासऱ्यांपासूनची. सीतारामबाबा. त्यांच्या घराण्याकडं पिढ्यान्‌पिढ्या गावकीचं काम होतं. दोन गावांत शिवेवरून तंटा लागला की यांना बोलावणं यायचं. यांनी सांगायचं, शीव या दगडावरून त्या झाडाला जाते, तिथून ओढ्याला उतरते. यांच्या शब्दावर पाटील-देशमुखांच्या जमिनी ठरायच्या. पण सांगायचं कसं? उभ्यानं, उन्हात, पायातलं हातात घेऊन. तंटा मिटला की बाकीच्यांना गूळपाणी आणि यांना लांबून ओंजळीत धार. छपन्न साली दीक्षा घेतली आणि बाबांनी गावकीच्या कामाला रामराम ठोकला. पण डोक्यातली शीव कुठं टाकून येणार?

पुढं दोनतीन वर्षांत बांधावरून भांडण पेटलंच. गाव दारात आलं. बाबा म्हणाले, "सांगतो. पण बसून सांगीन." गावाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तीन महिने गाव हटून बसलं, तेवढ्यात दोघांची डोकी फुटली. शेवटी शाळामास्तरांची लाकडी खुर्ची खुद्द पाटलाच्या पोराच्या डोक्यावरून बांधापर्यंत आली. बाबा बसले, अंगरख्याच्या बाह्या सारख्या केल्या, सगळ्यांसारख्याच कपातून चहा सावकाश प्यायले, आणि मग शीव सांगितली. म्हणतात, त्या दिवशी त्यांनी मुद्दाम लांबण लावली होती.

बाबांचा मुलगा, म्हणजे भागुबाईचा नवरा, रेल्वेत गँगमन. रूळ सोडून दुसरी कुठली रेघ त्या भल्या माणसाला ठाऊक नव्हती. मग बाबांनी शीव सुनेला शिकवली. सरपण गोळा करताना, शेरडं राखताना. "हे अंजनीचं झाड बघ. हितनं आपलं." सून खालची, कोकणातली. पालेखोंडची. तिला वर आणि खाली, दोन्ही मुलूख पाठ झाले.

आता हे वर आणि खाली म्हणजे काय, ते लोणावळ्याला फिरायला येणाऱ्यांना कधी कळत नाही. ते कड्यापाशी येतात, वाकून बघतात, फोटो काढतात, भाजलेलं कणीस खातात आणि माघारी फिरतात. त्यांना वाटतं, जमीन इथं संपली. अहो, संपते कुठली! कडा म्हणजे काही विळीनं कापलेली वडी नव्हे. डोंगराच्या सोंडा खाली उतरतात, पाण्यानं कोरलेल्या नाळा वर चढतात, मधेच एखादी सपाटी, तिच्यावर चार झाडं, त्यांच्या बुंध्याशी कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. पुणे जिल्हा संपून रायगड नेमका कुठं लागतो, हे नकाशात एका बोटाचं काम. जागेवर उभं राहिलं की दहा बोटं दहा दिशांना.

धारवाडी ही बावीस घरांची वस्ती बरोब्बर या कडेवर. डांबरी रस्ता अलीकडच्या टेकडीपाशी दमून बसतो, पुढं जीपची खडबडीत वाट. फोन लावायचा तर कोकणाकडं तोंड करून उभं राहावं लागतं, कारण रेंज खालून येते. त्यामुळं वाडीत कुणी कड्याकडं तोंड करून एकटंच हातवारे करताना दिसलं, तर त्याला वेड लागलंय असं कुणी समजत नाही. सोयरिकी अर्ध्या खाली. कुसगावच्या हॉटेलात कामाला जाणाऱ्या पोराची बायको पालेखोंडची, आणि पालेखोंडच्या दुकानदाराची आई धारवाडीची. मोटारीनं जायचं तर लोणावळा, घाट, खोपोली करत दिवस मोडतो. पायी वाघजाईच्या खिंडीतून उतरलं तर अडीच तास. गुडघे आपापले.

या वाटेनं भागुबाईनं तरुणपणाची पंधरा-सोळा वर्षं ओझी वाहिली. जाताना तांदूळ, येताना सुकट, बोंबील आणि मीठ. बरोबर नंदाबाई. नंदाबाई कुळवाड्याची सून, घरी भात पिकवणारी, पण सासू एवढी खाष्ट की तिला घाट चढणं म्हणजे माहेरपण वाटायचं. दोघींनी मिळून त्या घाटात एवढ्या उखाळ्यापाखाळ्या काढल्या की म्हणतात, पावसाळ्यात नाळेतून पाण्याबरोबर अजून दोन्ही सासवांची नावं ऐकू येतात.

आणि या वाटेची एक रीत होती. खालून वर येणाऱ्यानं पायथ्याच्या ओढ्यातला एक गोटा उचलायचा, पाण्यानं घासून गुळगुळीत झालेला, आणि वर खिंडीत नेऊन टाकायचा. तिथं अशा गोट्यांची रास होती. कोकण संपलं, मावळ लागला, त्याची ती खूण. अंगावर आधीच ओझं, त्यात हा दगड कशाला, असं नव्या सुनांना वाटायचं. पण डोंगराची धार म्हणजे सगळा अणकुचीदार फुटका कातळ. तिथं गुळगुळीत गोटा आपोआप येत नाही. तो माणसानंच आणावा लागतो, म्हणून तो सांगतो की इथवर माणूस आला होता. कुणी वाघजाईचं नाव घेऊन टाकायचं. सीतारामबाबा दीक्षेनंतरही टाकायचे. कुणी खोचकपणे म्हणालं, "काय बाबा, देवी सोडली ना?" तर म्हणायचे, "देवीला कुटं टाकतोय? वाटंला टाकतोय. वाट चालतोय अजून."

तर गेल्या वर्षी या वाटेवरून भांडण पेटलं. आणि पेटवलं कुणी, तर सरपंच बाजीरावनं.

बाजीराव माणूस वाईट नाही. फक्त त्याला स्वतःचं नाव लिहिलेलं बघायला फार आवडतं. पांढरे कपडे, पांढरे बूट, दर गुरुवारी शिरगावला साईबाबांच्या दर्शनाला गाडी, आणि शुक्रवारी दिवसभर त्या दर्शनाचं वर्णन. फाल्गुन लागला की धारवाडीच्या दोन्ही विहिरी तळ दाखवतात. मग बाया खिंडीतून खाली उतरून त्या कातळातल्या टाक्यावर जातात. डोक्यावर दोन हंडे आणि वर चढण, तास-सव्वा तास. टाकं मात्र कधी आटलं नाही. आणि तिथं कधी कुणी कुणाला जातीवरून अडवलंही नाही, कारण अडवायला एवढं खाली उतरून उन्हात उभं कोण राहणार? बाजीरावनं खटपट करून नळाची योजना मंजूर करून आणली. टाक्यावर सौर पंप बसायचा, नळी वाडीत यायची. इथपर्यंत शाबास. पण गड्यानं योजना यायच्या आधीच टाक्याच्या कातळावर लाल रंगात हातभर अक्षरं रंगवली: ग्रामपंचायत धारवाडी, सरपंच बाजीराव.

खाली पालेखोंडला हे कळलं आणि गाव उसळलं. "टाकं आमच्या हद्दीत! आमचे म्हातारे सांगायचे, आमची हद्द वर खिंडीपर्यंत." धारवाडीकर म्हणाले, "मग रास कुठाय बघा की! रास टाक्याच्या खाली, जांभळीच्या बुडाला आहे. राशीच्या वर ते आमचं." आणि ते डोळ्यांना दिसत होतं. जांभळीच्या बुडाला कंबरभर उंचीची गोट्यांची रास होतीच. खिंडीत काही नव्हतं. नुसती कारवी माजलेली, माणसाच्या डोक्यावरून.

पाण्याचा उगम गावच्या हद्दीत असल्याशिवाय योजनेचं काम सुरू होईना. मोजणी लागली. दोन जिल्ह्यांचे जुने नकाशे एकमेकांना भिडेनात, मधे पट्टी उरायची. जुन्या कागदात एवढंच: वाटेवरील गोट्यांची रास, तळाशी फुलीचा दगड, तेथून सरळ कड्याला. पालेखोंडच्या लोकांनी एकदा जांभळीखालची रास उपसून पाहिली. फुलीचा दगड नव्हता. बाजीराव म्हणाला, पावसात वाहून गेला असेल.

मग सगळ्यांनाच आठवली भागुबाई. माहेर खालचं, सासर वरचं, सासरा शिवेचा जाणता, आणि आजवर सांगितलेल्या शिवेत इतकीही चूक नाही. दोन्ही गावं म्हणाली, मावशी सांगेल ते मान्य.

भागुबाईला मात्र त्या दिवसापासून भाकरी गोड लागेना.

कारण ती रास तिनंच तिथं मांडली होती.

लग्नानंतरचं दुसरं वर्ष असेल. डोक्यावर सुकटीची पाटी, कमरेला मिठाची पिशवी, हातात तो गोटा. जांभळीखाली सावली, शेजारी टाक्याचं गार पाणी. आणि पुढं खिंडीपर्यंतची चढण, छातीला गुडघा लावणारी. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि गोटा जांभळीच्या बुडाशी टाकला. नंदाबाई म्हणाली, "अगं, हितं कुटं?" भागुबाई म्हणाली, "वाघजाईला काय चालता येत न्हाई व्हय? येईल की खाली." दोघी हसून हसून लोळल्या. पुढच्या खेपेला नंदाबाईनंही तिथंच टाकला. मागून येणाऱ्या बायांनी पाहिलं, इथं गोटे पडलेत, म्हणजे इथंच टाकायचे. आळसाला अनुयायी लवकर मिळतात. चारपाच वर्षांत खिंडीत जाऊन गोटा टाकणारं कुणी उरलं नाही. म्हाताऱ्या माणसांनी घाट चालणं सोडलं. पुढं टेम्पो आले, ओझी बंद झाली, वाट मोडली, खिंडीतल्या राशीवर कारवी चढली. सीतारामबाबा तोवर अंथरुणाला खिळले होते. "रास ठीक हाय ना गं?" असं विचारायचे. ही म्हणायची, "व्हय, वाढलीया की." खोटं थोडंच होतं? वाढली होतीच.

आता खरं सांगितलं, तर टाकं पालेखोंडचं आणि वाडीतल्या बायांच्या डोक्यावरचे हंडे तसेच. नाही सांगितलं, तर नळ दारात येणार. गप्प बसलं की झालं. तोंडातून एक अक्षर खोटं काढायचीही गरज नाही. राशीकडं नुसतं बोट दाखवायचं.

त्यात केरबा. तिचा धाकटा भाऊ, पालेखोंडचा, सत्तरीच्या आतबाहेर. दर उन्हाळ्यात सुकट घेऊन बहिणीकडं येणारा माणूस. या भांडणात त्यानं निरोप धाडला, "आक्का आता वरची झाली. सुकट तिथलीच खा म्हणावं." घाटमाथ्यावर सुकट कुठली मिळणार? म्हणजे बोलणं बंद, एवढाच त्याचा अर्थ.

मोजणीच्या दिवशी सकाळी खुर्ची आली. या खेपेला खुद्द बाजीराव घेऊन आला, म्हणजे त्याच्या माणसाच्या डोक्यावर घालून. वाटेत तो भागुबाईच्या कानाला लागला.

"मावशी, तुमी फकस्त रास दाखवायची. बाकी मी बघतो. पयला नळ तुमच्या दारात, काय?"

"आणि नळावर बी तुजं नाव लिवणार का रं?"

"चेष्टा करू नका, मावशी. आपल्या वाडीच्या पान्याचा सवाल हाय."

"म्हनूनच तर जीव घाबरा झालाय," भागुबाई म्हणाली. बाजीरावला वाटलं, बाईला दम लागलाय. त्यानं पाण्याची बाटली पुढं केली.

वाट खिंडीतूनच खाली उतरते. कारवी दोन सालांमागं फुलून गेली होती आणि आता वाळून करकरीत उभी होती, वाऱ्यावर खुळखुळत. तिथून जाताना भागुबाईचे पाय आपोआप थांबले. मागून येणारी नंदाबाई जवळजवळ तिच्या पाठीवर आदळली. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. दोघींना ठाऊक होतं, त्या वाळल्या काटक्यांत काय आहे. नंदाबाईनं ओठांवर बोट ठेवलं आणि तिला पुढं ढकललं.

जांभळीखाली दोन्ही गावं जमलेली. पालेखोंडचे वीसेक लोक घामाघूम होऊन वर आलेले, त्यांत केरबा, पाठमोरा, मुद्दाम टाक्याकडं बघत. मोजणीला आलेली भूकरमापक समीक्षा, तळेगावची तरणी पोरगी, डोक्यावर टोपी आणि हातात यंत्राची काठी. तिनं यंत्र लावलं, आकाशाकडं पाहिलं, आकडे बघितले आणि हसून म्हणाली, "आजी, मी कुठं उभी आहे ते हे यंत्र बोटभर चुकत नाही. पण उभं कुठं राहायचं, ते त्याला कळत नाही. ते तुम्ही सांगा. बसा."

निळी खुर्ची राशीशेजारी मांडली होती. चहाची किटली आली. सगळ्यांच्या हातात कागदी कप, तसाच भागुबाईच्या. ती बसली. चहा प्यायली. बाबांसारखाच, सावकाश.

समोर तिनं पन्नास वर्षांपूर्वी टाकलेला पहिला गोटा कुठंतरी त्या राशीत होता. त्याच्यावर तिच्या शब्दाला मान देणारी दोन गावं उभी. बाबांनी तीन महिने गावाशी हट्ट धरून ही खुर्ची मिळवली होती. ती कशासाठी? या खुर्चीत बसलेलं माणूस सांगतं ती शीव खरी असते, एवढ्यासाठीच ना? यातून खोटी शीव गेली तर उरलं काय, प्लॅस्टिक.

भागुबाईनं कप खाली ठेवला आणि खुर्चीतून उठली.

"बसा की, मावशी," बाजीराव म्हणाला.

"शीव बसून सांगते मी. ही चूक हाय. ती उभ्यानं सांगायची." तिनं काठीनं राशीला टोचलं. "ही रास शिवेची न्हाई. गोटे खरे, जागा खोटी. मी मांडली ही. लगीन झाल्यावर दुसऱ्या वर्षी. वर चढायचा कंटाळा आला म्हनून."

बाजीरावचा चहा पांढऱ्या सदऱ्यावर सांडला. समीक्षाचं लिहिणं थांबलं. पालेखोंडचे लोकसुद्धा एवढे चक्रावले की जिंकल्याचा आनंद करायचं विसरले.

"मावशी, ऊन लागलंय तुमाला," बाजीराव म्हणाला. "मॅडम, वय झालंय बाईचं. लिवू नका हे."

"ऊन तुला लागलंय. मला न्हाई."

धारवाडीच्या घोळक्यातून एकीनं टोमणा हाणलाच, "माहेर आठवलं वाटतं! सुकटीचा वास आला."

तेव्हा नंदाबाई पुढं आली. आयुष्यभर जिनं सासूपुढं तोंड उघडलं नाही, ती नंदाबाई. "ए, गप! मी बी टाकलेत हितं. तुजी आजी बी टाकायची. आणि भागू तवा पोटुशी हुती, सातवा म्हैना हुता. चढंल कशी?"

म्हणजे मैत्रिणीनं सुटकेची वाट करून दिली होती. भागुबाईनं तिला तिथंच अडवलं. "नंदे, त्या वर्साला पोटुशी हुते. पुढली दहा-बारा वर्सं काय हुते? आळशी हुते, दुसरं काय!"

पालेखोंडच्या लोकांत खसखस पिकली. केरबा मात्र हसला नाही. तो पहिल्यांदा वळला आणि बहिणीकडं बघत राहिला.

"मग खरी रास कुठं आहे, आजी?" समीक्षानं विचारलं.

"चला वर. आता येताना तिच्यावरनंच आलो आपुन."

सगळी वरात खिंडीत चढली. भागुबाईनं काठीनं वाळल्या कारवीत एक गोल दाखवला. पालेखोंडच्या चार गड्यांनी काटक्या मोडल्या, पालापाचोळा ओढला, माती उकरली. पहिला गोटा निघाला. शेवाळानं काळा, पण अंड्यासारखा गुळगुळीत. मग दुसरा. मग ओंजळींनी. जिथं पाणी वाहण्याचा प्रश्नच नाही अशा धारेवर ओढ्यातले गोटे, गुडघाभर खोल, कुणाकुणाच्या पणज्यांनी वाहून आणलेले. तळाशी सपाट शिळा लागली. समीक्षानं बाटलीतलं पाणी तिच्यावर ओतलं, हातानं पुसलं. छिन्नीनं कोरलेली फुली, चार बोटं लांबीची.

यंत्राची काठी फुलीवर उभी राहिली. टाकं रायगडात गेलं.

पुढचे दिवस भागुबाईला धारवाडीनं चांगलेच दाखवले. योजना अडली. हंडा घेऊन चढणाऱ्या बाया तिच्या दारावरून जाताना मुद्दाम मोठ्यानं बोलायच्या. "चला गं, परजिल्ह्यात जाऊन येऊ." "व्हिसा घेतला का?" ही गमतीतली बोलणी झाली. एरवी बोलणंच नाही. बाजीरावनं खुर्ची पंचायतीत कुलूप लावून ठेवली. धम्मदीपनं देहूरोडहून फोन केला, "आई, चार दिवस इकडं ये." ती कड्याकडं तोंड करून म्हणाली, "का येऊ? चोरी केली का म्या? केलती, ती सांगून टाकली." आणि रोज सकाळी नंदाबाईला घेऊन टाक्यावर जायची, पंचाहत्तराव्या वर्षी, एकच कळशी, पण स्वतःची स्वतः आणायची. वाडीतल्या बायांना ते बघवेना आणि उचलून घ्यावीशी वाटली तरी मानापायी घेववेना. काय मजा असते बघा, राग धरणाऱ्याचेच खांदे जास्त दुखतात.

बारावा दिवस. भागुबाई अंगणात तांदूळ निवडत होती. कुडापलीकडून कुणीतरी भात्यासारखं धापा टाकत आलं. केरबा. मोटारीनं नाही, घाट चढून. एका गुडघ्याला फडकं बांधलेलं.

"आक्का, पानी दे."

"आमच्याकडं कुटलं पानी? पानी तुमच्याकडं."

"द्यायलाच आलोय," तो म्हणाला आणि ओट्यावर बसला. पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. पालेखोंडच्या ग्रामसभेचा ठराव, शिक्क्यासकट. टाक्यातलं पाणी धारवाडीनं न्यायला हरकत नाही. असा ठराव हातात असला, की उगम दुसऱ्याच्या हद्दीत असूनही योजनेचं काम सुरू करता येतं.

भागुबाईनं कागद उलटा-सुलटा बघितला. "असं कसं?"

"असंच. खाली आमाला धरनाचा नळ हाय, आक्का. टाकं काय आमी डोक्यावर घेणार व्हतो? पर त्यो बाजीराव आमच्या डोंगरावर रंगानं नाव लिवतो, न इचारता! इचारलं असतं तर त्याच दिवशी दिलं असतं. सभेत लोक म्हनले, पान्यासाठी बी खोटं न बोलनारी बाई वर हाय, तर द्या पानी." तो थांबला. नाक ओढलं. "मी म्हनलं न्हाई तसं. मी म्हनलं, ती लहानपनापास्नं आळशीच हाय."

ती हसली, आणि मग पदर डोळ्याला लावला. केरबानं ते बघितलं नाही असं दाखवलं आणि पिशवीतून सुकट काढली.

"दोन अटी हायेत," तो म्हणाला. "कातळावरचं नाव पुसायचं. आणि जांभळीखालची रास वर न्यायची. ज्यांनी खाली आणली त्यांनीच."

दुसऱ्या दिवशी खिंडीत जत्रा भरल्यासारखी गर्दी. बाजीराव सकाळीच खाली टाक्यावर जाऊन पांढऱ्या कपड्यांत कातळ घासून आला होता, आणि रंग काही लवकर गेला नव्हता, चांगला महागातला होता. त्याआधी त्यानं निळी खुर्ची स्वतःच्या डोक्यावरून आणून फुलीच्या दगडाशेजारी मांडली होती, कुणी न सांगता. हे मात्र त्याच्या नावावर लिहिलंच पाहिजे. खुर्चीत आता केरबा बसला होता, पाय लांब करून, देखरेखीला. वाडीतल्या बायांनी रांग लावून राशीतले बहुतेक गोटे हातोहात वर पोचवले. भागुबाई आणि नंदाबाईसाठी मात्र शेवटचा एकेक गोटा खालीच ठेवला, ज्याचा त्यांनी आणायला.

दोघी जांभळीखाली पोचल्या. गोटे उचलले. सावली तीच, टाक्याचं पाणी तेच, आणि वर तीच छातीला गुडघा लावणारी चढण. भागुबाईला दम लागला. ती बुंध्याला टेकली.

नंदाबाईनं इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "भागू, टाक की हितंच. कोन बघतंय?"

भागुबाईनं मान वर केली. खिंडीत निळ्या खुर्चीत बसलेल्या केरबानं दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली.

"त्यो बघतोय ना, मेला," ती म्हणाली, आणि गोटा छातीशी धरून चढायला लागली.